मुलीची स्वमग्नता नजरेतून सुटू नये म्हणून : बडोद्यातील मराठी पालकांसाठी मार्गदर्शन

स्वमग्नतेचे, म्हणजेच ऑटिझमचे, निदान रक्ताच्या तपासणीने होत नाही आणि एमआरआयमध्येही ते दिसत नाही. मूल कसे खेळते, कसे बोलते, दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे कधी पाहते, रोजच्या क्रमात बदल झाला की काय करते, हे पाहून आणि आईवडिलांना विचारून तज्ज्ञ निष्कर्षाला येतात. निदान असे पाहण्या-ऐकण्यावर उभे असल्यामुळे पाहणाऱ्याच्या मनात स्वमग्न मुलाचे कोणते चित्र आहे, यावर बरेच काही ठरते. ते चित्र बहुतेक वेळा तीन-चार वर्षांच्या मुलग्याचे असते : अजून न बोलणारा, मोटारी ओळीने लावणारा, फिरत्या पंख्याकडे टक लावून बसणारा. या चित्रात न बसणारी मुले मागे राहतात आणि त्यांत मुलींची संख्या मोठी असते. आपल्या मुलीविषयी, किंवा घरी मराठी व दाराबाहेर गुजराती ऐकत वाढणाऱ्या मुलाविषयी मनात शंका असेल, तर काय पाहावे, ते कसे लिहून ठेवावे, बडोद्यात कोणाकडे जावे आणि तपासणीच्या खोलीत काय विचारावे, हे पुढे सांगितले आहे. निदान तज्ज्ञच करतील. त्यांच्यापुढे आपले मूल अर्धवट न मांडता पुरते कसे मांडावे, हा या लेखाचा विषय आहे.

चित्र एकांगी कसे झाले

१९४३ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन करून ही अवस्था वैद्यकीय जगासमोर मांडली. त्या ११ जणांत ८ मुलगे आणि ३ मुली होत्या, आणि बहुतेकांचे आईवडील उच्चशिक्षित होते. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स ॲस्परगर यांनी ज्या चार मुलांची हकीकत सविस्तर लिहिली ते चारही मुलगे होते. त्यानंतर अनेक दशके संशोधन, प्रश्नावल्या आणि चाचण्या प्रामुख्याने गोऱ्या, सुस्थितीतील घरांतल्या मुलग्यांना समोर ठेवून घडत गेल्या, आणि साहजिकच अशाच मुलग्यांना त्या अधिक सहजपणे ओळखू लागल्या.

अमेरिकेत ही विषमता मोजली गेली आहे, म्हणून तेथील आकडे आपणही लक्षपूर्वक वाचावेत. फिलाडेल्फियातील सरकारी आरोग्य विम्यावरील मुलांची जी पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात गोऱ्या मुलांचे निदान सरासरी ६.३ व्या वर्षी झालेले दिसले, तर कृष्णवर्णीय मुलांचे ७.९ व्या वर्षी. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात, कृष्णवर्णीय मुलांच्या पालकांना पहिली शंका आल्यापासून निदान हाती पडेपर्यंत सरासरी तीन वर्षांहून अधिक काळ गेल्याचे आढळले. म्हणजे पालकांच्या लक्षात वेळेवर आले होते; उशीर झाला तो त्यानंतर. यांपैकी अनेक मुलांवर आधी वर्तनातील बिघाडाचा शिक्का बसतो आणि स्वमग्नतेचा विचार मागाहून होतो. तेथील रोग नियंत्रण केंद्र आठ वर्षांच्या मुलांच्या नोंदी ठेवते. त्यांत २०२० साली प्रथमच गोऱ्या मुलांपेक्षा कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि आशियाई मुलांमध्ये स्वमग्नतेचे प्रमाण जास्त आले, आणि पूर्वी सुटून जाणारी मुले आता नोंदीत येऊ लागल्याचे ते लक्षण मानले गेले. तरीही त्याच नोंदींत, स्वमग्नता असलेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी ५०.८ टक्के मुलांना बौद्धिक अक्षमताही होती, तर गोऱ्या मुलांत हे प्रमाण ३१.८ टक्के होते. माझ्या मते याचा एक अर्थ उघड आहे : कृष्णवर्णीय मुलाची अडचण ठळक असेल तेव्हाच ती दिसते, आणि बुद्धीने चांगले असलेले मूल अजूनही सुटते.

मुलींच्या बाबतीत नेमके हेच घडते. त्याच नोंदींत मुलगे आणि मुली यांचे प्रमाण २०१८ साली ४.२ ला १ होते, २०२० साली ३.८ ला १ आणि २०२२ साली ३.४ ला १ झाले. चार वर्षांत मुली काही बदलल्या नाहीत, त्यांना ओळखणारी नजर थोडी सुधारली. अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये मांडलेला निष्कर्षही असाच आहे की खरे प्रमाण चारास एक नसून तीनास एकच्या जवळपास असावे, आणि ज्या मुलींना निदान मिळायला हवे होते त्यांतल्या कित्येकींना ते मिळालेले नाही.

आपल्याकडे केसपेपरवर वंशाचा रकाना नसतो, पण भाषा, पैसा, वस्ती आणि मुलगा-मुलगी हा भेद तेच काम करतात. शंका आली तरी ती फार दुर्मीळ गोष्ट समजून बाजूला सारू नये. भारतातील पाच ठिकाणच्या २ ते ९ वर्षांच्या मुलांची मोठी पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात साधारण आठांतील एका मुलाला मेंदूच्या किंवा ज्ञानेंद्रियांच्या विकासाशी संबंधित एखादी तरी अडचण होती. चाळीस मुलांच्या वर्गात अशी पाच मुले होतात.

लहान वयात काय पाहावे

पहिल्या दोन-अडीच वर्षांतल्या खुणा मुलगा असो वा मुलगी, सारख्याच पाहाव्यात. वर्षाचे झाल्यावरही नावाने हाक मारली असता वळून न पाहणे, ‘टाटा’ करणे किंवा हात वर करून ‘घे’ म्हणणे अशा खुणा नसणे, दीड वर्षापर्यंत बोट दाखवून एखादी गोष्ट आपल्याला न दाखवणे, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणे, दोन वर्षांपर्यंत स्वतःचे दोन शब्द जोडून न बोलणे, यांपैकी काहीही दिसल्यास लसीकरणाच्या भेटीतच बालरोगतज्ज्ञांना स्पष्टपणे सांगावे. आलेले बोलणे किंवा मिसळणे कोणत्याही वयात मागे गेले, तर एक आठवडाही थांबू नये. मुलीच्या बाबतीत बोलणे जाण्याबरोबर हातांचा उपयोग कमी होऊन ती सतत हात चोळू लागली, तर बालमेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे, कारण रेट सिंड्रोम नावाची जनुकीय अवस्था जवळजवळ मुलींतच दिसते आणि तिची तपासणी वेगळी असते.

१६ ते ३० महिन्यांच्या मुलासाठी एम-चॅट-आर ही २० प्रश्नांची प्रश्नावली इंटरनेटवर विनामूल्य मिळते आणि ती हिंदीतही आहे. तिच्यात ० ते २ गुण म्हणजे कमी धोका, ३ ते ७ म्हणजे मध्यम, आणि ८ किंवा अधिक म्हणजे जास्त. ही केवळ प्राथमिक चाळणी असते. गुण कमी आले तरी आईची शंका जात नसेल, तर त्या कागदाने शंका मिटली असे मानू नये.

‘गुणी’ मुलीत काय शोधावे

येथून पुढचे निरीक्षण अधिक बारकाईचे आहे, कारण तीन वर्षांनंतर मुलींची वाट बरीच निराळी होते. बोलायला वेळेवर लागलेली, वर्गात गप्प बसणारी, बाईंना त्रास न देणारी मुलगी आपल्या घरांत कौतुकाचा विषय असते. आजी म्हणते, किती शहाणी आहे. आत्या म्हणते, लाजाळू आहे, मोठी झाली की बोलेल. हेच गप्प बसणे मुलग्यात दिसले तर घर कदाचित काळजीत पडते. म्हणून मुलीच्या बाबतीत ती शांत आहे का, असे न विचारता, ती शांत का आहे, हा प्रश्न घ्यावा.

अनेक स्वमग्न मुली दुसऱ्यांना पाहून वागणे शिकतात. संशोधक याला मुखवटा घालणे म्हणतात. बडोद्यात हे पाहण्याची चांगली वेळ म्हणजे नवरात्र. गरब्याच्या वर्तुळात आपली मुलगी समोरच्या मुलीच्या पायांकडे पाहत पावले जुळवते, हसण्याची वेळही दुसऱ्यांकडे पाहून साधते, आणि सगळ्यांना वाटते की ती छान रमली. पावले पाहून शिकणे हे सगळीच मुले करतात, त्यात काही वावगे नाही. पाहायचे ते आणखी दोन गोष्टींत : गाणे थांबल्यावरच्या मोकळ्या दहा मिनिटांत ती मैत्रिणींबरोबर काय करते, आणि घरी आल्यावर तिचे काय होते. मोकळ्या वेळात ती कोणाच्याही संभाषणात शिरू शकत नसेल, कोपऱ्यात उभी राहत असेल किंवा एकाच मुलीचा हात घट्ट धरून फिरत असेल, आणि घरी येताच कपडे ओरबाडून काढत तासभर रडत असेल, तर ते दमणे नेहमीच्या दमण्यापेक्षा वेगळे आहे. गणपतीच्या मिरवणुकीतला ढोल-ताशा, उत्तरायणात गच्चीवर लागणारे स्पीकर, चनिया-चोळीवरचे टोचणारे आरसे, वेणी घालताना होणारी ओढाताण, वरणाचा थेंब भाताला लागला म्हणून ताट दूर सारणे, या सगळ्या ठिकाणी इंद्रियांची तीव्र संवेदनशीलता दिसू शकते. २०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ या निदानसंहितेत अशा संवेदनांचा समावेश निकषांमध्येच केलेला आहे, हे लक्षात ठेवावे.

खेळही नीट पाहावा. ‘ती भातुकली खेळते, बाहुलीला जेवू घालते, म्हणजे तिची कल्पनाशक्ती ठीक आहे,’ असे म्हणून तपासणी थांबल्याची तक्रार अनेक पालक करतात. भातुकली मांडणे आणि भातुकली खेळणे यांत फरक आहे. मुलगी दर वेळी तीच भांडी त्याच क्रमाने लावते का, कोणी कढई हलवली तर तिला सहन होत नाही का, पाहुणी होऊन आलेल्या मुलीने ‘आज चहा नको, सरबत दे’ म्हटले तर ती खेळ पुढे नेते की गोंधळून थांबते, हे पाहावे. गोष्ट दुसऱ्याच्या बोलण्याने वळण घेते की नाही, यात खरी माहिती असते.

आवडींचेही तसेच आहे. मुलग्याला रेल्वेच्या वेळापत्रकाचे वेड असले की ते सगळ्यांच्या नजरेत भरते. मुलीचे वेड मांजरी, एखाद्या मालिकेतील एक पात्र, केसांच्या क्लिपा किंवा एकच गोष्टीचे पुस्तक अशा ‘साध्या’ विषयाचे असते, म्हणून ते कोणी मोजत नाही. विषय कोणता, यापेक्षा त्या विषयावाचून तिला दुसरे बोलता येते का, मध्ये अडवले तर किती त्रास होतो आणि ऐकणारा कंटाळला हे तिला कळते का, हे लिहून ठेवावे.

नजर मिळवणे ही खूण आपल्याकडे जपून वापरावी. मोठ्यांसमोर नजर खाली ठेवायला शिकवलेल्या घरातील मुलगी डॉक्टरांच्या डोळ्यांत पाहत नाही, यावरून फार काही कळत नाही; उलट शिकवल्यामुळे नजर मिळवणारी मुलगी स्वमग्न असू शकते. त्यापेक्षा गच्चीवर माकड आले तेव्हा तिने आधी माकडाकडे आणि मग आनंदाने आपल्या चेहऱ्याकडे पाहिले का, काढलेले चित्र कोणी न मागता आणून दाखवले का, आपण बोट दाखवले तिकडे पाहिले का, या गोष्टी अधिक विश्वासाच्या आहेत.

घरी मराठी, दारात गुजराती

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा अशा भागांतल्या मराठी घरांत मूल आजीकडून मराठी, शेजारच्या मावशींकडून गुजराती, टीव्हीवरून हिंदी आणि शाळेतून इंग्रजी ऐकत असते. बोलायला उशीर झाला की ‘एवढ्या भाषांमुळे गोंधळ झाला’ असे सांगून घरचे आणि कधी कधी डॉक्टरही वाट पाहायला सांगतात. एकाहून अधिक भाषा ऐकल्याने स्वमग्नता होत नाही आणि भाषेचा विकार जडत नाही. दोन भाषा ऐकणारे मूल दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजले तर सर्वसाधारणपणे इतरांइतकेच पुढे असते, म्हणून शब्द मोजताना ‘पाणी’, ‘दूध’, ‘बॉल’, ‘चालो’ सगळे एकत्र मोजावेत. आणि निदान झाल्यावर ‘आता घरी मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला’ असा सल्ला मिळाला तर तो मानू नये. ज्या भाषेत आई गाणे म्हणते, रागावते आणि समजूत घालते, ती भाषा तोडली की मुलाच्या वाट्याचा संवादच कमी होतो.

चाचणी घेणाऱ्यांना मराठी येत नसेल तर काही गोष्टी आपणच सांगाव्या लागतात. दिवसभर आईबरोबर असणारा लहान मुलगा ‘मी जाते’, ‘मी खाते’ म्हणतो, ते आईचे ऐकून; त्याला सर्वनामांची उलटापालट, म्हणजे ‘मी’च्या जागी ‘तू’ म्हणण्यासारखी खूण, समजू नये. पण तीन वर्षे उलटल्यावरही मूल तहान लागली की ‘तुला पाणी पाहिजे?’ असे आपलाच प्रश्न आपल्याच सुरात परत बोलून पाणी मागत असेल, तर ती नोंद महत्त्वाची आहे आणि केवळ गुजराती जाणणाऱ्या परीक्षकाच्या कानातून ती सुटू शकते. मराठी-गुजराती मिसळून बोलणे हा दोष नाही, हेही स्पष्ट करावे. चाचणीच्या वेळी मूल ज्या भाषेत सर्वांत मोकळे असते तिच्यातच सूचना द्याव्यात, अशी विनंती आधीच करावी, आणि दुभाषी म्हणून मोठ्या भावाबहिणीला न बसवता आईने किंवा आजीने बसावे.

बडोद्यातल्या कित्येक घरांची नातवंडे अमेरिकेत आहेत, त्यांच्यासाठी थोडेसे. तेथे तीन वर्षांखालील मुलासाठी त्या त्या राज्याची ‘अर्ली इंटरव्हेन्शन’ सेवा आणि तीन वर्षांनंतर शाळा-जिल्हा यांच्याकडून मूल्यमापन विनामूल्य करून मिळते, त्यासाठी पालकांनी लेखी मागणी करावी, आणि मुलाचे मूल्यमापन त्याच्या घरच्या भाषेत करण्याची तरतूद अपंग मुलांच्या शिक्षणाविषयीच्या आयडीईए या केंद्रीय कायद्यात आहे. आशियाई घरातले मूल ‘घरी दुसरी भाषा आहे म्हणून’ मागे पडले असे शाळेने म्हटले, तर मुलाच्या आईवडिलांनी हा हक्क बजावावा.

निरीक्षणाची वही

डॉक्टर मुलाला वीस-तीस मिनिटे पाहतात. मुखवटा घालणारी मुलगी तेवढा वेळ सहज निभावून नेते. म्हणून महिनाभराची वही हे पालकांचे सर्वांत मोठे बळ आहे, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपात एकच गोष्ट करायची झाली तर ती हीच करावी. वही मराठीतच लिहावी. इंग्रजीत लिहिण्याच्या नादात ‘ती चिडचिडी आहे’ असे मोघम वाक्य उरते आणि तपशील निसटतात.

प्रत्येक नोंदीला तारीख आणि वेळ असावी. आधी काय घडले, मुलीने नेमके काय केले, किती वेळ केले आणि कशाने थांबले, एवढे चार भाग पुरतात. मत लिहू नये, जे दिसले ते लिहावे. उदाहरणार्थ : ‘मंगळवार, संध्याकाळी साडेसहा. रोजच्या निळ्या वाटीऐवजी स्टीलची वाटी दिली. “माझी नाही, माझी नाही” असे एकाच सुरात सुमारे वीस वेळा म्हणाली, कान झाकले, टेबलाखाली गेली. पस्तीस मिनिटांनी निळी वाटी दिल्यावर बाहेर आली आणि लगेच जेवली.’ अशी एक नोंद ‘फार हट्टी आहे’ या वाक्यापेक्षा तज्ज्ञांना कितीतरी अधिक सांगते. चांगले दिवसही लिहावेत. ती कशात रमली, कोणाशी आपणहून बोलली, हे नसेल तर वही एकतर्फी होते आणि तज्ज्ञांचा तिच्यावरचा विश्वास कमी होतो. मोबाइलवर एक-दोन मिनिटांच्या चित्रफितीही घ्याव्यात. मात्र मूल रडत असताना कॅमेरा धरून उभे राहण्यापेक्षा आधी त्याला सावरावे, आणि चित्रफिती नातेवाइकांच्या गटांवर पाठवू नयेत.

शाळेकडून माहिती मागताना ‘अभ्यासात कशी आहे?’ असे विचारल्यास ‘छान आहे’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी शिक्षिकेला तीन गोष्टी विचाराव्यात : मधल्या सुट्टीत ती कोणाबरोबर असते आणि काय करते, गटाने करायच्या कामात तिचा वाटा काय असतो, अचानक तास बदलला किंवा बदली शिक्षिका आल्या तर तिचे वागणे कसे होते. उत्तर शक्यतो दोन ओळींत लेखी घ्यावे.

बडोद्यात कोणाकडे जावे

सर्वांत आधी श्रवणतपासणी करून घ्यावी, कारण कमी ऐकू येणारे मूलही हाकेला ओ देत नाही. लहान मुलासाठी बेरा ही तपासणी झोपेत होते. त्यानंतर शहरातील विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे मूल्यमापनासाठी जावे. खासगी तपासणीचा खर्च परवडत नसेल तर सयाजीराव जनरल म्हणजे एसएसजी रुग्णालय आणि गोत्रीचे जीएमईआरएस रुग्णालय ही दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत आणि तेथील बालरोग व मनोविकार विभागांत सुरुवात करता येते. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आंगणवाडीत आणि सरकारी व अनुदानित शाळांत होते, आणि शंका असलेल्या मुलाला जिल्हा त्वरित हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. आपले मूल आंगणवाडीत जात असेल तर तेथील बेनना ममता कार्ड (आई-मुलाच्या आरोग्याच्या नोंदींचे कार्ड) दाखवून आपली शंका सांगावी आणि पथक येण्याचा दिवस विचारून त्या दिवशी स्वतः हजर राहावे. पथकातील माणसांना एका दिवसात पुष्कळ मुले पाहायची असतात, शांत मुलीकडे त्यांचे लक्ष आपणच वेधायला हवे.

भारतात दोन साधने विशेष वापरली जातात. आयएनडीटी-एएसडी हे निदानासाठी भारतीय मुलांना समोर ठेवून तयार झालेले आहे. आयएसएए, म्हणजे स्वमग्नता मोजण्याची भारतीय मोजपट्टी, ४० बाबींची आहे; तिच्यात ७० पेक्षा कमी गुण म्हणजे स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र असे धरतात. बोलू शकणाऱ्या, अनुकरणाने निभावून नेणाऱ्या मुलीचे गुण अशा मोजपट्टीवर सीमारेषेजवळ घुटमळू शकतात. म्हणून कोणतेही निदान केवळ एका आकड्यावर ठरू नये. निरीक्षण, पालकांची सविस्तर मुलाखत आणि शाळेची माहिती तिन्ही त्यात यावीत.

तपासणीच्या खोलीत

वहीतील ठळक नोंदींचा एक पानी गोषवारा आधी द्यावा आणि वही हाताशी ठेवावी. बोलणे थेट आणि आदराने करावे : ‘डॉक्टरसाहेब, ही बाहेर नीट वागते, पण घरी आल्यावर रोज असे होते. मुलींमध्ये लक्षणे झाकली जातात असे मी वाचले आहे. तिच्याबाबत तो विचार करून पाहाल का?’ डीएसएम-५ मध्येच स्पष्ट म्हटले आहे की लक्षणे लहानपणापासून असावी लागतात, परंतु सामाजिक अपेक्षा वाढेपर्यंत ती पुरती प्रकट न होण्याची किंवा शिकलेल्या युक्त्यांनी झाकली जाण्याची शक्यता असते. हा मुद्दा मांडणे म्हणजे डॉक्टरांना शिकवणे नव्हे. त्यांच्याच पुस्तकातील गोष्टीकडे लक्ष वेधण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

निघण्यापूर्वी कोणते साधन वापरले, ते कोणत्या भाषेत घेतले, गुण किती आले आणि स्वमग्नता नसेल तर वहीतील या नोंदींचे दुसरे स्पष्टीकरण काय, हे विचारावे. उत्तरे केसपेपरवर लिहून मागावीत आणि अहवालाची प्रत घ्यावी. आईच बोलत असेल तर तिच्या शंकेला ‘आईची काळजी’ म्हणून कमी लेखले जाण्याची भीती असते. म्हणून शक्य असल्यास वडिलांनीही सोबत जावे आणि आईचे म्हणणे तोडू नये.

‘अजून थांबा’ असे सांगितल्यास

थांबा म्हणजे किती, ते विचारावे. तीन महिन्यांनी नेमक्या कोणत्या गोष्टी दिसायला हव्यात आणि त्या न दिसल्यास पुढे काय, हे ठरवून तारीख घ्यावी. वाणी-उपचार आणि ऑक्युपेशनल थेरपी सुरू करण्यासाठी निदानाचा शिक्का लागत नाही. बोलणे मागे आहे किंवा संवेदनांचा त्रास आहे, एवढे कारण पुरेसे असते. मधला काळ त्यात घालवावा. वहीतील नोंदी आणि मिळालेले उत्तर यांचा मेळ बसत नसेल, तर मुलींचा अनुभव असलेल्या दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्यावे. पहिल्या डॉक्टरांविरुद्ध ते जाणे नव्हे.

लग्नाची भीती आणि प्रमाणपत्र

मुलीच्या बाबतीत घरातील एखादी मामी किंवा काकू हळू आवाजात विचारते, ‘उद्या लग्नाच्या वेळी काय सांगायचे?’ या एका प्रश्नापायी कित्येक मुलींची तपासणी होतच नाही. निदान आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निदानाचे कागद कुटुंबाकडे राहतात. प्रमाणपत्र हवे असेल तरच अर्ज करायचा असतो. तो यूडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी संकेतस्थळावर होतो आणि मूल्यमापन सरकारी रुग्णालयात होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, त्यामुळे शाळेतील आणि परीक्षेतील सवलतींसाठी त्याचा उपयोग होतो, आणि १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. निदान लपवल्याने मुलीची अडचण लपत नाही. ती दहा-बारा वर्षांची झाली, मैत्रीतले अलिखित नियम गुंतागुंतीचे झाले, पाळी सुरू झाली, की तीच अडचण चिंता, उदासी, जेवण सोडणे किंवा शाळेत न जाण्याचा हट्ट या रूपांत वर येते, आणि मग त्या रूपावरच उपचार होत राहतात.

मुलगी या वयाला पोहोचल्यावर शंका आली असेल तरी उशीर झाला असे मानू नये. फक्त तयारी थोडी वेगळी लागते, कारण लक्षणे लहानपणापासून होती, हे दाखवणे आवश्यक असते. ममता कार्ड किंवा लसीकरणाची जुनी वही, जुन्या मोबाइलमधील वाढदिवसाच्या आणि बालवाडीतल्या चित्रफिती, प्रगतिपुस्तकातील शिक्षिकांचे शेरे शोधून काढावेत. तिला लहानपणी सांभाळणाऱ्या आजीला किंवा मावशीला ‘ती दोन वर्षांची असताना खेळायची कशी, रडायची कशाने, शांत कशी व्हायची’ असे विचारून उत्तरे तारखेसह लिहून घ्यावीत. मुलगी स्वतः लिहू-बोलू शकते, म्हणून तिलाही विचारावे : वर्गात हसायचे कधी, हे तुला कसे कळते, घरी आल्यावर सर्वांत जास्त दमवणारी गोष्ट कोणती. तिची संमती असेल तर तिचे शब्द तसेच, न सुधारता, गोषवाऱ्यात घालावेत, आणि तज्ज्ञांना तिच्याशी काही वेळ एकटीशी बोलण्याची विनंती करावी.